अविनाश दीक्षित : वैविध्याचं गणित

जून १९७७ च्या ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये १२ पानांचा एक निबंध छापून आला. लेखक दोन : अविनाश दीक्षित आणि जोसेफ स्टिग्लिट्झ. प्रश्न तसा जुनाच होता. बाजार मोकळा सोडला तर वस्तूंचे किती प्रकार तयार होतील, आणि समाजाच्या हिताच्या दृष्टीने ते गरजेपेक्षा जास्त ठरतील की कमी? आंतरराष्ट्रीय व्यापार हा त्या निबंधाचा विषय नव्हता, आर्थिक वाढ हाही नव्हता. तरीही पुढच्या पंधरा वर्षांत अर्थशास्त्राच्या या दोन्ही शाखांची नवी बांधणी त्या १२ पानांच्या आधाराने झाली. अभ्यासकाची थोरवी आपण सहसा त्याने मांडलेल्या सिद्धान्तांवरून ठरवतो. दीक्षितांच्या बाबतीत ते पुरत नाही. अवघड प्रश्नाला हाताळता येईल असा आकार द्यायचा आणि मग तो इतरांच्या हाती सोपवायचा, हे त्यांचं खरं काम. त्यांची पुढची सगळी कारकीर्दही मला याच कामाची वाटते.

त्यांचा जन्म १९४४ चा, मुंबईचा. सेंट झेवियर्स कॉलेजातून गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन ते १९६३ मध्ये बी.एस्सी. झाले. मग केंब्रिजच्या कॉर्पस ख्रिस्ती कॉलेजात गणितच, १९६५ पर्यंत. अर्थशास्त्रातली त्यांची पहिली पदवी म्हणजे थेट पीएच.डी., एमआयटीची, १९६८ साली. मार्गदर्शक होते रॉबर्ट सोलो. दीर्घकालीन आर्थिक वाढीचा जो साचा आजही पदवीच्या वर्गात शिकवला जातो तो सोलोंनी १९५६ मध्ये मांडला होता, तेव्हा शिष्याची सुरुवात वाढीच्या प्रश्नांपासून व्हावी हे ओघानेच आलं. दीक्षितांच्या अगदी पहिल्या निबंधांपैकी एक, १९६८ चा, शेतीत गरजेपेक्षा जास्त माणसं अडकलेल्या अर्थव्यवस्थेने भांडवल कसं उभारावं यावर आहे. पंचवार्षिक योजनांच्या त्या काळात भारतासाठी यापेक्षा जिवंत प्रश्न नव्हता.

नंतरचा मुक्कामांचा तपशील थोडक्यात सांगता येतो. बर्कलीला वर्षभर, ऑक्सफर्डच्या बॅलिअल कॉलेजात १९७४ पर्यंत, वॉरिक विद्यापीठात १९८० पर्यंत, आणि १९८१ पासून प्रिन्स्टन, निवृत्तीपर्यंत. वॉरिकच्या वर्षांमध्येच तो १२ पानांचा निबंध तयार झाला. त्याचं मोल कळण्यासाठी आधी तेव्हाच्या व्यापारसिद्धान्ताची अडचण पाहायला हवी.

डेव्हिड रिकार्डोने १८१७ मध्ये इंग्लंडचं कापड आणि पोर्तुगालची वाइन यांचं उदाहरण घेऊन तुलनात्मक लाभाचं तत्त्व सांगितलं. ज्या देशाला जे काम तुलनेने स्वस्तात जमतं ते त्याने करावं आणि बाकीचं दुसऱ्याकडून घ्यावं. विसाव्या शतकात हेक्शर आणि ओलिन या स्वीडिश अर्थशास्त्रज्ञांनी या फरकाचं मूळ जमीन, श्रम आणि भांडवल यांच्या कमीजास्त उपलब्धतेत शोधलं. दोन्ही मांडण्यांचा निष्कर्ष सारखाच : देश जितके वेगळे, तितका त्यांच्यातला व्यापार जास्त. दुसऱ्या महायुद्धानंतरची आकडेवारी मात्र उलटंच सांगत होती. व्यापार सगळ्यात झपाट्याने वाढत होता तो एकमेकांसारख्या श्रीमंत देशांमध्ये, आणि तोही एकाच प्रकारच्या मालाचा. जर्मनी फ्रान्सला मोटारी विकत होता आणि फ्रान्स जर्मनीला मोटारीच विकत होता. ग्रुबेल आणि लॉइड यांनी १९७५ मध्ये या उद्योगांतर्गत व्यापारावर अख्खं पुस्तक लिहिलं. ही काही किरकोळ विसंगती नाही हे त्यानंतर कोणालाच नाकारता येईना.

कारणाचा अंदाज जाणकारांना होता. मोठ्या प्रमाणावर काढलेला माल स्वस्त पडतो. टाचण्यांच्या कारखान्यात दहा माणसं काम वाटून घेऊन दिवसाला ४८,००० टाचण्या काढतात, हे अॅडम स्मिथने १७७६ मध्येच लिहून ठेवलं होतं. प्रत्येक देशाने मोटारीचं प्रत्येक मॉडेल थोडं थोडं बनवण्यापेक्षा काही मॉडेलं एकाने भरपूर बनवावीत, काही दुसऱ्याने, आणि मग अदलाबदल करावी, हे कळायला गणित लागत नाही. गणित लागतं ते याचा संपूर्ण अर्थव्यवस्थेवर काय परिणाम होतो हे सांगायला, आणि तिथे वाट बंद होती. व्यापाराचा सगळा सिद्धान्त पूर्ण स्पर्धेवर उभा होता. पूर्ण स्पर्धेत किंमत सीमान्त खर्चाइतकी असते, म्हणजे शेवटचा नग काढायला येणाऱ्या खर्चाइतकी. पण ज्या कारखान्याला यंत्रं, साचे आणि आराखडे यांवर आधीच मोठा खर्च करावा लागतो त्याने याच किमतीला माल विकला तर तो आधीचा खर्च कधीच भरून निघणार नाही. म्हणजे त्याला किंमत चढी ठेवण्याची थोडी तरी ताकद हवी. ही ताकद मान्य केली की प्रतिस्पर्धी कसा वागेल, त्यावर आपण काय करू, या प्रश्नांची मालिकाच सुरू होते आणि प्रत्येक उद्योगाचं उत्तर वेगळं निघतं. एडवर्ड चेंबरलिनने १९३३ मध्ये मक्तेदारीयुक्त स्पर्धेचं वर्णन केलं होतं : आपल्या ब्रँडपुरता प्रत्येक जण मक्तेदार, पण मिळतीजुळती वस्तू विकणारे पुष्कळ असल्याने नफा टिकत नाही. वर्णन सुंदर होतं, पण त्यात आकडे घालून संपूर्ण अर्थव्यवस्थेचा हिशोब मांडता येत नव्हता.

दीक्षित आणि स्टिग्लिट्झ यांनी तो मांडून दाखवला. त्यांनी धरलं, की ग्राहकाला वैविध्य आवडतं. तेवढेच पैसे दहा प्रकारांवर खर्च करता आले तर पाच प्रकारांपेक्षा जास्त समाधान मिळतं. सगळे प्रकार एकमेकांना सारख्याच प्रमाणात पर्यायी आहेत, आणि ते किती सहज पर्यायी आहेत हे एकाच आकड्याने सांगता येतं : मागणीची लवचिकता. उत्पादक इतके आहेत की एकट्याच्या निर्णयाने बाजार हलत नाही, त्यामुळे डावपेचांची गुंतागुंत बाजूला राहते. नवीन उत्पादक येत राहतात आणि कोणाचाही जादा नफा शिल्लक उरला नाही की थांबतात. एवढ्या गृहीतकांवर सगळं सुटतं. लवचिकता ३ असेल तर प्रत्येक जण सीमान्त खर्चाच्या दीडपट किंमत लावतो, ५ असेल तर सव्वापट. वैविध्याची किंमतही मोजता येते. लवचिकता ५ असताना प्रकारांची संख्या दुप्पट झाली तर तेवढ्याच खर्चात ग्राहकाचं समाधान साधारण १९ टक्क्यांनी वाढतं. लवचिकता ३ असेल, म्हणजे प्रकार एकमेकांपासून अधिक वेगळे असतील, तर ४१ टक्क्यांनी.

मूळ प्रश्नाचं उत्तरही अनपेक्षित होतं. अशा बाजारात फार जास्त उत्पादक येतात, प्रत्येक जण फार लहान राहतो आणि क्षमता वाया जाते, अशी चेंबरलिनपासूनची समजूत होती. या निबंधाने दाखवलं, की लवचिकता स्थिर असेल आणि उत्पादकांनी आपला खर्च स्वतःच भरून काढायचा असेल, तर बाजार जितके प्रकार देतो तितकेच समाजासाठी इष्ट आहेत. दुकानात इतक्या तऱ्हा कशाला, ही उधळपट्टीच, असं म्हणण्याआधी वैविध्याचा फायदाही हिशोबात धरायला हवा. अर्थात लवचिकता बदलती असेल तर हे उत्तर बदलतं, आणि निबंधाच्या पुढच्या भागात लेखकांनी त्याचीही चर्चा केली आहे.

यातली गृहीतकं फार सोयीची आहेत हा आक्षेप पुढे अनेकांनी घेतला, आणि तो खोटा नाही. खरे ब्रँड एकमेकांना सारखेच पर्यायी नसतात. पण मला या निबंधातलं धाडस नेमकं इथेच दिसतं. काय सोडून द्यायचं याचा निर्णय त्यांनी इतका अचूक घेतला, की उरलं ते पेलण्याइतकं लहान होतं आणि तरी वाढतं उत्पादनफल, म्हणजे मोठ्या प्रमाणावर काढलेला माल स्वस्त पडणं, हा गाभा शाबूत राहिला. गणिताचं शिक्षण घेतलेल्या माणसाला कठीण गणित करता येतं. सोपं गणित पुरेल अशी मांडणी शोधायला त्याहून जास्त लागतं.

हे साधन हाती घेणाऱ्यांत पहिला मोठा मानकरी होता पॉल क्रुगमन, तेव्हा येल विद्यापीठातला तरुण प्राध्यापक. एमआयटीत सोलोंच्या वर्गात तो मक्तेदारीयुक्त स्पर्धेची नवी मांडणी शिकला होता. जानेवारी १९७८ मध्ये त्याने आपले शिक्षक रुडी डॉर्नबुश यांच्याशी बोलताना ती व्यापाराला लावण्याची कल्पना काढली, आणि डॉर्नबुश यांनी ती उचलून धरली. युक्तिवाद असा. समजा, दोन अगदी सारखे देश आहेत आणि प्रत्येकात एका वस्तूचे दहा उत्पादक आहेत. सीमा उघडली की बाजार एक होतो. वीसही जण टिकतील असं नाही; समजा सोळा टिकतात. हे आकडे केवळ समजावण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येक उत्पादक आता पूर्वीपेक्षा मोठा आहे, म्हणून त्याचा माल स्वस्त पडतो, आणि ग्राहकापुढे दहाऐवजी सोळा प्रकार आहेत. दोन्ही देशांत जमीन, श्रम, तंत्र यांचा काडीचाही फरक नाही, तरी व्यापार होतो आणि दोघांचाही फायदा होतो. जर्मन आणि फ्रेंच मोटारींचं कोडं सुटलं.

हा निबंध सहजासहजी छापला गेला नाही. एका प्रतिष्ठित नियतकालिकाने तो परत पाठवला. शेवटी १९७९ मध्ये तो ‘जर्नल ऑफ इंटरनॅशनल इकॉनॉमिक्स’मध्ये आला, परीक्षकांचं मत प्रतिकूल असताना, संपादकाच्या निर्णयाने. ते संपादक म्हणजे जगदीश भगवती. तेही मुंबईचेच, १९३४ साली जन्मलेले, सिडनहॅम कॉलेजचे विद्यार्थी. वाढीमुळेच देश आणखी गरीब कसा होऊ शकतो, हे त्यांनी १९५८ मध्ये दाखवलं होतं : निर्यातीचा माल इतका वाढतो की जगात त्याचे भाव कोसळतात आणि जास्त उत्पादन करूनही हाती कमी येतं. जुन्या सिद्धान्तात मुरलेल्या या माणसाने नव्या सिद्धान्ताला दार उघडलं, याबद्दल मला मोठा आदर वाटतो.

क्रुगमनने १९८० मध्ये पुढचं पाऊल टाकलं आणि वाहतुकीचा खर्च आत आणला. मग असं निघालं, की ज्या मालाला घरच्या बाजारात मोठी मागणी आहे त्याचे कारखाने तिथेच गोळा होतात आणि तो देश त्याच मालाचा निर्यातदार बनतो. उद्योग कुठे एकवटतात याचा १९९१ पासूनचा सगळा नवा भूगोल इथून निघाला. दरम्यान विल्फ्रेड एथिअरने १९८२ मध्ये एक साधा आणि फार फलदायी बदल केला. वैविध्य ग्राहकाच्या ताटातून काढून त्याने कारखान्यात नेलं. सुट्या भागांचे आणि यंत्रांचे प्रकार जितके जास्त तितकी उत्पादकता जास्त. पॉल रोमरच्या १९९० च्या निबंधात हाच विचार आर्थिक वाढीचं इंजिन झाला : संशोधन म्हणजे नव्या प्रकारच्या भांडवली वस्तूची भर, आणि ती भर कधीच संपत नाही म्हणून वाढही थांबत नाही. सोलोंच्या साच्यात तंत्रज्ञान बाहेरून येत होतं, ते कुठून येतं याचं उत्तर त्यात नव्हतं. त्यांच्याच विद्यार्थ्याने दुसऱ्या कारणासाठी घडवलेल्या साधनाने ते उत्तर देण्याची सोय केली. प्रिन्स्टनमधले दीक्षितांचे सहकारी जीन ग्रॉसमन आणि इस्रायली अर्थशास्त्रज्ञ एल्हानान हेल्पमन यांनी १९९१ च्या पुस्तकात व्यापार आणि वाढ यांना एकाच चौकटीत बसवलं. सगळे उत्पादक सारखेच असतात हे खटकणारं गृहीतक मार्क मेलिट्झने २००३ मध्ये काढून टाकलं आणि निर्यात मोजक्याच, अधिक कार्यक्षम कंपन्यांना का जमते हे दाखवलं. चौकट मात्र तीच राहिली.

क्रुगमनला २००८ मध्ये नोबेल मिळालं, रोमरला २०१८ मध्ये. स्टिग्लिट्झ यांना त्याआधी २००१ मध्ये मिळालं होतं, पण ते माहितीच्या विषमतेवरच्या कामासाठी. दीक्षितांना ते मिळालेलं नाही. इकॉनॉमेट्रिक सोसायटीचं आणि अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनचं अध्यक्षपद, २०१६ चं पद्मविभूषण, असे मान त्यांच्या वाट्याला आले. व्यापार आणि वाढ यांवर संशोधन करणारा विद्यार्थी जगात कुठेही पहिल्या वर्षी दीक्षित-स्टिग्लिट्झ मांडणी शिकल्याशिवाय पुढे सरकत नाही, आणि माझ्या लेखी याची बरोबरी कोणतंही पदक करू शकत नाही.

व्यापारावर त्यांचं स्वतःचं मोठं काम आलं १९८० मध्ये, नॉर्वेचे व्हिक्टर नॉर्मन यांच्यासोबत लिहिलेल्या ‘थिअरी ऑफ इंटरनॅशनल ट्रेड’ या पुस्तकात. व्यापाराचा सिद्धान्त तोवर आकृत्यांतून शिकवला जाई आणि दोन देश, दोन वस्तू यांच्यापलीकडे गेलं की आकृत्या थकत. या दोघांनी सगळा विषय नव्या गणिती भाषेत मांडला आणि वस्तू कितीही असोत, निष्कर्ष कसे निघतात हे दाखवलं. अपूर्ण स्पर्धेवरही त्यात वेगळं प्रकरण आहे. पण या पुस्तकातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग वेगळाच आहे.

खुल्या व्यापाराने देशाचा एकूण फायदा होतो, हे अर्थशास्त्रज्ञ नेहमी सांगतात. ज्याची गिरणी बंद पडली त्याला त्या एकूण फायद्याचं काय? यावर ठरलेलं उत्तर असं होतं, की ज्यांचा फायदा झाला त्यांच्याकडून घेऊन नुकसान झालेल्यांना भरपाई देता येईल. पण कोणाचं किती नुकसान झालं हे सरकारला कसं कळणार? प्रत्येक जण आपलं नुकसान फुगवूनच सांगेल. दीक्षित आणि नॉर्मन यांनी दाखवलं, की ही माहिती लागतच नाही. सरकारने वस्तूंवर आणि श्रम-भांडवलाच्या मोबदल्यावर कर आणि अनुदानं अशी बसवावीत, की ग्राहकाला द्यावे लागणारे भाव आणि कामगाराच्या हाती पडणारी मजुरी व्यापार सुरू होण्यापूर्वी होती तशीच राहील. मग कोणाचीच स्थिती बिघडत नाही. उत्पादक मात्र जागतिक भाव बघून माल काढतात, त्यामुळे देशाचं उत्पादन अधिक कार्यक्षम होतं, आणि ती बचत सरकारच्या तिजोरीत जमा होते. आता सगळे विकत घेतात अशा एखाद्या वस्तूवरचा कर थोडा उतरवला की प्रत्येकाचाच फायदा होतो. प्रत्यक्षात कोणतंही सरकार इतक्या काटेकोरपणे कर लावत नाही. तरीही या निष्कर्षाने वादाची जागा बदलली. भरपाई अशक्य आहे ही सबब संपली. दिली जात नसेल तर तो राजकीय निर्णय आहे आणि त्याचा जाब विचारता येतो.

१९८० च्या दशकात दीक्षित अनिश्चिततेकडे वळले, तेही व्यापारातल्याच एका कोड्यामुळे. १९८० ते १९८५ या काळात डॉलर खूप महाग झाला आणि अमेरिकेत परदेशी माल स्वस्त होऊन आयात फोफावली. डॉलर उतरवण्यासाठी सप्टेंबर १९८५ मध्ये झालेल्या प्लाझा करारानंतर तो घसरत गेला, पण आयात अपेक्षेइतकी ओसरली नाही. दीक्षितांनी १९८९ मध्ये दिलेलं उत्तर असं : परक्या बाजारात शिरायला विक्रेते नेमणं, जाहिरात, दुरुस्तीची सोय असा खर्च येतो आणि तो परत मिळत नाही. उद्या विनिमय दर कुठे असेल हे माहीत नसताना कंपनी शिरण्याआधी बराच काळ थांबते, आणि एकदा शिरली की तोटा सोसूनही बराच काळ टिकून राहते, कारण बाहेर पडलं तर पुन्हा शिरण्याचा खर्च आहेच. दर पूर्वपदावर आला तरी बाजार पूर्वपदावर येत नाही. हा विचार उलट्या दिशेनेही लागू पडतो. भारत सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद केली आणि मे २०२४ मध्ये ही बंदी उठवली. पण पाच महिन्यांत परदेशातल्या खरेदीदाराने दुसऱ्या देशाशी जुळवून घेतलं, की केवळ एका अधिसूचनेने तो नाशिककडे परत वळत नाही. अनिश्चिततेतल्या अशा निर्णयांवर रॉबर्ट पिंडाइक यांच्यासोबतचं दीक्षितांचं पुस्तक १९९४ मध्ये आलं. सर्वसामान्य वाचकांना ते अधिक माहीत आहेत ते बॅरी नेलबफ यांच्यासोबत १९९१ मध्ये लिहिलेल्या ‘थिंकिंग स्ट्रॅटेजिकली’ या डावपेचांवरच्या पुस्तकामुळे.

नव्या शतकात त्यांनी व्यापाराच्याही आधीचा प्रश्न घेतला : फसवणूक होणार नाही ही खात्री नसेल तर व्यापार मुळात होतो कसा? २००४ च्या ‘लॉलेसनेस अँड इकॉनॉमिक्स’ या पुस्तकात कायदा जिथे पोचत नाही किंवा पोचायला फार वेळ लावतो तिथे लोक काय करतात याचा अभ्यास आहे. त्यातली एक मांडणी २००३ मध्ये स्वतंत्र निबंध म्हणून आली होती. व्यापारी एका वर्तुळावर बसले आहेत अशी कल्पना केलेली आहे. जवळच्याशी गाठ पडण्याची शक्यता जास्त, पण दूरच्याशी केलेल्या व्यवहारात फायदा मोठा. कोणी फसवलं तर ती बातमी शेजारी लगेच पसरते आणि दूर जाता जाता विरते. वर्तुळ लहान असेल तर सगळेच प्रामाणिक राहतात, कारण बदनामी कुठेही गाठते. वर्तुळ एका मर्यादेपलीकडे वाढलं की प्रामाणिकपणा जवळच्यांपुरता उरतो, आणि वर्तुळ आणखी मोठं झालं की तो आणखी आक्रसू शकतो. फार मोठ्या जगात न्यायालयं आणि निरीक्षक यांचा खर्च परवडतो, कारण तो पुष्कळ व्यवहारांवर वाटला जातो. सर्वांत वाईट स्थिती मधल्या आकाराची : ओळखीचा भरवसा संपलेला असतो आणि कायद्याचा खर्च अजून झेपत नसतो. गावच्या बाजारापासून राष्ट्रीय बाजाराकडे निघालेल्या प्रत्येक देशाला या टप्प्यातून जावं लागतं. आपल्याकडे करारभंगाचा साधा दावाही कित्येक वर्षं रेंगाळतो, आणि व्यापारी मात्र आता नातलगाशी किंवा जातभाईशी नव्हे तर हजार किलोमीटरवरच्या अनोळखी माणसाशी सौदा करू पाहतो. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनचे अध्यक्ष म्हणून दीक्षितांनी केलेलं, २००९ मध्ये छापलेलं भाषणही याच विषयावर आहे : मालमत्तेचं रक्षण कोण करतं, करार पाळायला कोण लावतं, आणि सरकारखेरीज आणखी कोण हे काम करू शकतं.